फोंतेस्कूराचं पाणी

टोरोंटोजवळच्या मिसिसागात आमच्या रस्त्यावर सप्टेंबर लागला की टोमॅटो शिजल्याचा वास सुटतो. शेजारच्या नोन्ना फिलोमेनाच्या गराजमध्ये वर्षाचा सॉस बनतो. नोन्ना म्हणजे इटालियनमध्ये आजी. नव्वदीची ही बाई आमच्या अख्ख्या रस्त्याचीच आजी आहे. तिच्या घरात वर एक चकचकीत किचन आहे, त्यात ती फारशी जात नाही; खाली बेसमेंटमध्ये दुसरं आहे, त्यातून ती फारशी बाहेर येत नाही. सॉसच्या दिवशी मात्र भांडीकुंडी घेऊन सगळा संसार गराजमध्ये येतो, आणि आम्ही दोघं मदतीला जातो.

त्या शनिवारी मी टोमॅटोचा गर काढायच्या यंत्राचा दांडा फिरवत होतो आणि माझी बायको यामिनी उकळत्या पाण्यातून झाऱ्याने टोमॅटो काढत होती. यामिनी नागपूरची. भूशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि कॅनडात येण्याआधी विदर्भातल्या गावागावांत विहीर कुठे खणावी हे सांगत फिरलेली. इथे ती कॉन्डोच्या इमारती बांधण्याआधी जमिनीत भोक पाडून काढलेल्या मातीचे नमुने तपासते. "आठ वर्षं झाली," ती म्हणते, "कॅनडाची जमीन मला फक्त डब्यातच भेटते." मी पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. माझा जमिनीशी संबंध ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढण्यापुरता.

नोन्नाचा फोन वाजला. तिच्या बहिणीची नात दोनाता इटलीहून बोलत होती. बोलणं सगळं इटालियनमध्ये, पण मधेच नोन्नाचा आवाज चढला, मग पार खाली गेला. फोन ठेवून ती एका उपड्या क्रेटवर बसली.

"काय झालं, नोन्ना?" यामिनीने विचारलं.

आमचं सगळं बोलणं अर्थात मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये चालतं. मराठीत सांगताना मात्र आजीला जसं 'तू' म्हणतो तसंच म्हणायला हवं.

"फोंतेस्कूरात टँकर येतोय," नोन्ना म्हणाली. "फोंते म्हणजे झरा. काळोखातला झरा, असं माझ्या गावाचं नाव. आणि तिथली माणसं रस्त्यावर बादल्या घेऊन उभी!"

टँकर हा शब्द ऐकला आणि यामिनीने गॅस बारीक केला.

फोंतेस्कूराबद्दल आम्ही नोन्नाकडून तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा सलग कळलं. इटलीच्या दक्षिणेकडे मोलिझे नावाचा प्रांत आहे. तिथे समुद्रापासून तासाभरावर, दोन ओढ्यांच्या मधल्या डोंगराच्या पाठीवर हे गाव. एकेकाळी बाराशे वस्तीचं. सत्तावन्न सालच्या सुरुवातीला, हिवाळ्यात, खूप पाऊस झाला आणि डोंगराची खालची बाजू घरांसकट सरकली. आदल्या रात्री भिंती तडकल्याचे आवाज आले म्हणून माणसं बाहेर पडली आणि वाचली. गावाचा दगडी पाणवठा मात्र मातीखाली गेला. त्यानंतर झरा कुणालाच दिसला नाही. डोंगराने पाणी गिळलं, असं लोक म्हणायला लागले आणि एकेक घर टोरोंटोला निघालं. आज गावात दीडेकशे माणसं राहतात. टोरोंटोच्या आसपास त्यांची लेकरं-नातवंडं धरून दोनेक हजार असतील.

दोनाता त्या गावाची महापौर. दीडशे माणसांच्या गावाला महापौर म्हणजे आपल्या भाषेत सरपंचच. लागोपाठ कोरडे उन्हाळे गेल्यामुळे नळाचं पाणी आटलं होतं. शिवाय डोंगर अजूनही दर वर्षी थोडा थोडा सरकत होता. सगळ्यांना खाली दरीतल्या नव्या फ्लॅटमध्ये हलवावं अशी चर्चा वरच्या कार्यालयांत सुरू झाली होती.

"नोन्ना," यामिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली, "लहानपणी तू पाणी कुठून भरायचीस? सगळं सांग. तुला वाटेल यात काय सांगायचं, तेही सांग."

"पाणवठ्यावरून. डोक्यावर तांब्याची घागर. उन्हाळ्यात दात शिवशिवतील इतकं गार पाणी."

"विहिरी नव्हत्या गावात?"

"चार होत्या. पण पाण्याच्या नव्हत्या. आई म्हणायची, जवळ जाऊ नका, आत चेटकीण राहते. आम्ही मुली मुद्दाम जायचो! वर सान रोक्कोच्या चॅपलपासून धावत सुटायचं आणि एकेका विहिरीला हात लावत खाली पाणवठ्याशी थांबायचं."

"म्हणजे चारही एका रांगेत?"

"दोरी लावल्यासारख्या."

यामिनीच्या हातातला झारा तसाच राहिला. "पुढे सांग."

"पुढे काय? लढाई आली. मी नऊ वर्षांची होते. तोफा धडाडायला लागल्या तेव्हा पाद्रीबाबांनी पाणवठ्यामागचं छोटं दार उघडलं. आत गुहा होती. गावचं गाव आत बसलो. पायाशी पाणी वाहत होतं. दिवे लावले होते, सगळीकडे धूर. मी आणि माझी बहीण पुढे पुढे जायचो. मग वरून उजेडाचा एक गोल पडलेला दिसायचा. मग परत अंधार. मग आणखी एक गोल..."

"बाप्पा!" यामिनी ओरडली. झारा टोमॅटोत पडला. "देवेश, काय सांगून राहिली ही! अरे, कुंडी भंडारा!"

यामिनी अतिशय खूश झाली की तिच्या तोंडून नागपूर बाहेर येतं. मी दांडा सोडला. नोन्नाने छातीवर क्रॉस केला, काहीतरी भयंकर घडलं असं समजून.

"एम.एस्सी.ला असताना आम्हाला बुऱ्हाणपूरला नेलं होतं," यामिनी भराभर सांगायला लागली. "सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून शहरापर्यंत आणलंय. चारशे वर्षं झाली त्याला. वरून फक्त रांगेतल्या विहिरी दिसतात. त्या पाणी काढायच्या नाहीतच! आत हवा यावी, गाळ काढता यावा म्हणून आहेत. खाली उतरलं की लांबवर उजेडाचे गोल दिसतात, एकामागे एक. नोन्ना, तुझी गुहा ही गुहा नाहीये. कुणीतरी डोंगरात खणलेली पाण्याची वाट आहे ती!"

नोन्ना माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. मग यामिनीने टेबलावरचा मळलेल्या कणकेचा गोळा पुढे ओढला आणि त्याच्यावर अख्खा पाव ठेवला.

"हा पाव म्हणजे वरचा वालुकाश्म. पाणी शोषतो. ही खालची कणीक म्हणजे चिकणमाती. हिच्यातून पाणी जात नाही. पाऊस पडला की पाणी पावात मुरतं आणि कणकेला लागलं की थांबतं. मग या सांध्यातून बाहेर येतं. तुमच्या पूर्वजांनी या सांध्यातूनच बोगदा नेला असणार. आता हा भाग सरकला..." तिने कणकेचा एक कोपरा अंगठ्याने ढकलला. "तोंड बुजलं. पण पाव तर जागेवरच आहे ना? पाऊस पडतोच आहे. पाणी आत तुंबत असणार, आणि तेच मातीत मुरून डोंगराला घसरवत असणार. त्याला वाट करून दिली तर टँकरही थांबेल आणि डोंगरही."

नोन्नाने पावावर हात ठेवला. "म्हणजे झरा जिवंत आहे?"

"असावा. बघितल्याशिवाय छातीठोक नाही सांगता येणार."

"देवेश," नोन्नाने मला फर्मावलं, "दोनाताला फोन लाव."

त्या वर्षीचा सॉस जरा करपला. कुणी तक्रार केली नाही.

दोनाता चाळिशीची, चटपटीत, इंग्लिश उत्तम बोलणारी. पाच मिनिटांत तिने मुद्दा पकडला आणि दुसऱ्या दिवशी दोन विहिरींचे फोटो पाठवले. चॅपलजवळची सर्वांत वरची विहीर दगडांनी बुजवलेली, पण कठडा शाबूत होता. सर्वांत खालची एका द्राक्षमळ्यात उभी होती, वेलींनी वेढलेली. मधल्या दोनपैकी एक सापडेना, आणि दुसरी, नोन्नाच्या सांगण्याप्रमाणे, जुन्या बेकरीच्या अंगणात होती. बेकरीचं छप्पर कोसळून तिथे ढिगारा झालेला, आत जायला बंदी.

"दोन बिंदू पुरेत," यामिनी म्हणाली. "सरळ रेषा काढायला आणखी काय लागतं?"

माझं काम तिथे सुरू झालं. उपग्रहाच्या चित्रावर मी दोन्ही विहिरी टाकल्या, त्यांच्यामधून रेषा ओढली. ऑफिसातल्या कुठल्याही प्रोजेक्टसाठी मी इतका मन लावून बसलो नसेन. यामिनीने त्या रेषेवर जागा दाखवली: इथे बोगदा जमिनीच्या सर्वांत जवळ असायला हवा. दोनाताने परवानगी मिळवली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पावसाआधी, जेसीबी लावला.

आमची सकाळ होती, त्यांची दुपार. बेसमेंटमधल्या किचनमध्ये नोन्ना, यामिनी आणि मी फोनसमोर दाटीवाटीने बसलो. जेसीबीचा हात खाली जाई आणि निळसर करडी माती घेऊन वर येई. पुन्हा खाली, पुन्हा तीच माती. हात पुरेल तितकं खणून झालं. दोनाताने खड्ड्याजवळ जाऊन कॅमेरा आत धरला. गुळगुळीत, घट्ट, कोरडी चिकणमाती. बोगदा नाही, दगड नाही, ओलसुद्धा नाही.

"सॉरी," दोनाता म्हणाली. तिच्यामागे गावातली माणसं हळूहळू पांगत होती.

यामिनीने खड्ड्याचा फोटो मागवून घेतला. घरी आल्यावर तिने तो खड्ड्याचा फोटो इतक्यांदा मोठा करून पाहिला की मी शेवटी फोन काढून घेतला. "ती माती तिथे असायलाच नको होती," ती म्हणत राहिली. "तिथे खडक हवा होता. मी कुठेतरी काहीतरी चुकीचं धरून चाललेय." पुढचे काही आठवडे ती कामावर जाई, येई, जेवी, पण तिचं चित्त जागेवर नव्हतं. नोन्नाने अंगणातलं अंजिराचं झाड थंडीने मरू नये म्हणून नेहमीप्रमाणे आडवं करून मातीत पुरलं, आम्ही मदत केली. त्या वेळीही दोघींनी फोंतेस्कूराचं नाव काढलं नाही.

डिसेंबरात नोन्ना आम्हाला तिच्या मंडळाच्या जेवणाला घेऊन गेली. आपलं जसं महाराष्ट्र मंडळ, तसं त्यांचं फोंतेस्कूराकरांचं मंडळ. एका प्लाझातला हॉल, भिंतीवर गावाचा मोठा रंगवलेला देखावा, आणि आपल्याइतकीच मोठ्याने बोलणारी माणसं. आमच्या टेबलावर कारमिने नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ बसले होते, करड्या कोटातले, मिशा कोरलेले. नोन्नाच्या नवऱ्याचे ते चुलतभाऊ. दोघांचं पटत नाही हे सूप येण्याआधीच कळलं.

"त्या खणण्याच्या भानगडीमागे तुम्ही होय?" कारमिनेंनी यामिनीला विचारलं. "मला आधी विचारायचं. फिलोमेनाला काय आठवतंय! म्हणे विहिरी एका रांगेत. खालची विहीर रांगेत कधीच नव्हती."

"होती!" नोन्नाने काटा खाली ठेवला.

"नव्हती. मी स्वतः तिच्या कठड्यावर बसायचो. तिथून चॅपलचा क्रॉस बघायला मान पार डावीकडे वळवावी लागायची."

"मीसुद्धा त्याच कठड्यावर बसायचे. मधल्या विहिरींच्या डोक्यावर क्रॉस बरोबर समोर दिसायचा! नाकासमोर!"

"तुझ्या नाकालाच वळण आहे, फिलोमेना."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मी विषय बदलायला काहीतरी बोलणार, इतक्यात यामिनीने माझा हात दाबला. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. सॉसच्या दिवशी तो असाच झाला होता.

"कारमिने, तुम्ही त्या कठड्यावर बसून काय करायचात?"

म्हातारबुवा जरा लाजले. "सिगारेट ओढायचो. लपून."

"किती वर्षांचे होतात?"

"सतरा. त्याच उन्हाळ्यात शिकलो. आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

"तुमचा जन्म चाळीसचा. म्हणजे सत्तावन्नचा उन्हाळा." यामिनी बोटांवर मोजायला लागली. "डोंगर सरकला त्यानंतरचा. आणि नोन्ना, तू कॅनडात, हॅलिफॅक्स बंदरात जहाजातून उतरलीस ते साल कुठलं?"

"चोपन्न. लग्नाचा ड्रेस पेटीत होता."

"म्हणजे सरकण्याच्या आधी!" यामिनी उठून उभी राहिली, खुर्ची मागे पडली. "दोघांचंही बरोबर आहे! अहो, विहीर सरकली! मातीबरोबर अख्खी विहीर, उभीच्या उभी, बाजूला गेली. नोन्नाने ती सरळ रांगेत बघितली, तुम्ही वाकड्या रांगेत बघितली. आणि आम्ही काय केलं, त्या सरकलेल्या विहिरीवरून रेषा काढली! मग माती लागणार नाही तर काय लागणार!"

कुणीतरी तिच्या म्हणण्याचं इटालियन केलं. हॉलमध्ये एकदम गलका झाला. जो तो आपल्या आईने काय सांगितलं होतं ते सांगायला लागला. कारमिने नोन्नाकडे बघत होते, नोन्ना कारमिनेंकडे. सत्तर वर्षांच्या वादात दोघंही जिंकले होते, आणि दोघांनाही ते फारसं आवडलेलं दिसत नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता वरच्या दोनच विहिरी धरायच्या. त्या खडकावर आहेत, त्या हललेल्या नाहीत. चॅपलची आणि बेकरीतली." यामिनी नोन्नाकडे वळली. "बेकरीतली विहीर नक्की कुठे होती?"

नोन्नाच्या आधी कारमिनेच बोलले. "भट्टीच्या मागे. बेकरीवाल्या काकाने तिच्यावर जुनं जातं ठेवलं होतं, कोंबड्या पडू नयेत म्हणून."

"भट्टीच्या डाव्या हाताला," नोन्ना म्हणाली.

"मागे."

"डाव्या हाताला मागे," यामिनी म्हणाली. "चालेल मला."

ढिगारा उपसायची परवानगी मिळायला हिवाळा गेला. दोनाताने या वेळी प्रांताच्या भूशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याने यामिनीशी फोनवर बोलताना शंभर प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला की त्या दिवशी तो स्वतः येईल, हातमोजे घेऊन. मंडळातल्या तरुण मुलांनी हॉलमध्ये मोठा पडदा लावायचं ठरवलं. मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी बाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओकव्हिलहून, हॅमिल्टनहून माणसं आली होती. एस्प्रेसोचा वास, लहान मुलांची पळापळ. पहिल्या रांगेत नोन्ना, डोक्याला काळा रुमाल बांधून. तिच्या शेजारी कारमिने. मधे एक रिकामी खुर्ची ठेवून.

यामिनी बसेचना. पडद्याच्या बाजूला उभी राहून ती नखं खात होती. आदल्या दिवसापासून ती नीट जेवली नव्हती.

"नाही लागलं तर?" ती हळूच मला म्हणाली. "या सगळ्यांसमोर?"

"तर जेवण करून घरी जाऊ," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही.

पडद्यावर दोनाता दिसली, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तिच्यामागे बेकरीच्या उघड्या भिंती, निळं आकाश. ढिगारा उपसून झाला होता. भट्टीची काळी कमान दिसत होती, आणि तिच्या मागे, जरा डावीकडे, गोल जातं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नोन्ना आणि कारमिने दोघांनीही एकाच वेळी "बघा!" म्हटलं.

चार माणसांनी पहारी लावल्या. जातं हललं, पुन्हा बसलं. पुन्हा जोर लावला. ते सरकलं तसा खालून काळा अर्धचंद्र दिसायला लागला, वाढत गेला आणि पूर्ण गोल झाला. भूशास्त्रज्ञ गुडघ्यावर बसला. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तिथेही आणि इथेही. एक लेकरू रडत होतं, त्याला आईने बाहेर नेलं.

त्याने एक खडा आत टाकला.

काहीच ऐकू आलं नाही. यामिनीने माझ्या मनगटात नखं रुतवली. आणि मग त्या पडद्याच्या स्पीकरमधून, समुद्र ओलांडून, स्पष्ट आवाज आला: डुबुक.

मी आजवर पुष्कळ आनंदाचे कल्लोळ ऐकलेत, पण तसा नाही. माणसं खुर्च्यांवर चढली. कोण कुणाला मिठी मारतंय याचा पत्ता नव्हता. मला एका अनोळखी बाईने दोन्ही गालांचे मुके घेऊन मोकळं केलं. पडद्यावर दोनाता हेल्मेट काढून ते हवेत उडवत होती आणि भूशास्त्रज्ञ हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होता.

मग त्यांनी दोरीला दिवा आणि कॅमेरा बांधून आत सोडला. आधी फक्त खरबरीत भिंत दिसली, तिच्यावर छिन्नीचे तिरपे घाव. मग कॅमेरा स्वतःभोवती फिरला आणि खाली पाणी चमकलं, काळं, नितळ. दोन्ही बाजूंना बोगद्याची कमान पाण्यावर उभी होती. बाहेर पडायची वाट बुजल्यामुळे पाणी जवळजवळ कमानीच्या डोक्यापर्यंत चढलं होतं.

"तुंबलंय!" यामिनी ओरडली. "बघा, तुंबलंय! हेच, हेच म्हणत होते मी!"

"थांबव," नोन्ना म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मीच तो ऐकला. "दिवा वर कर म्हणावं. छताकडे."

मी फोनवरून सांगितलं. दोर ओढला गेला, कॅमेरा डोलत वर झाला. कमानीच्या फिकट दगडावर काळे डाग होते, हाताएवढे, ठरावीक अंतराने, आत अंधाराकडे गेलेले.

"काजळी," नोन्ना म्हणाली. "आमच्या दिव्यांची. इथपर्यंत यायचो आम्ही, मी आणि माझी बहीण." ती रडली नाही. तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. कारमिनेंनी थोडं थांबून आपला हात त्यावर ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही. पण आई सांगायची, मी आत सारखा रडायचो."

"रडायचास," नोन्ना म्हणाली. "फार."

पुढची कामं सावकाश झाली, तशी ती व्हायलाच हवी होती. घाईने वाट फोडली असती तर तुंबलेलं पाणी धाडकन बाहेर आलं असतं. भूशास्त्रज्ञाने खडकातून तिरपं भोक पाडून नळी बसवली आणि उन्हाळाभर पाणी हळूहळू उतरवलं. दोनाता रोज पातळीचा फोटो पाठवी, आणि यामिनी कामावर निघण्याआधी दारात बूट हातात घेऊन तो बघे. पाणी तपासलं, पिण्याजोगं निघालं. जुलैमध्ये गावाच्या टाकीत सोडलं. टँकर यायचा बंद झाला. डोंगर किती थांबला हे कळायला वर्षं जातील, पण दरीतल्या फ्लॅटचा विषय सध्या बाजूला पडलाय. दोनाताने यामिनीला रीतसर आमंत्रण पाठवलं: बोगद्याचा नकाशा करायला या.

"नोन्ना, तू पण चल," यामिनी म्हणाली. "मी आहे ना सोबत. व्हीलचेअर घेऊ."

"मी बघितलंय ते," नोन्ना म्हणाली. "आतून बघितलंय. आता तू बघ. आणि सप्टेंबरात माझे टोमॅटो कोण काढणार?"

म्हणून सॉसच्या मोसमात मी यामिनीला एअरपोर्टवर सोडलं आणि दांडा फिरवायला एकटाच परत आलो. ती बोगद्यात उतरणार होती त्या सकाळी मी सुट्टी घेतली. बेसमेंटमध्ये कारमिने आधीच येऊन बसले होते. हल्ली ते बऱ्याचदा येतात. आम्ही तिघं टेबलावरच्या फोनकडे बघत बसलो. आत रेंज नसणार हे ठाऊक होतं, तरी मी फोन दोनदा उचलून चार्जिंग पाहिलं. नोन्नाने कॉफी केली, ती गार झाली, दुसरी केली.

फोन वाजला तेव्हा आम्ही तिघांनीही हात पुढे केले. पडद्यावर यामिनी होती, हेल्मेटवर दिवा, गालाला चिखल, केस भिजून कपाळाला चिकटलेले. कॅनडात आल्यापासून मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"देवेश! देवेश, ऐकून राहिला ना? मी अख्खा चालून आले! गुडघाभर पाणी आहे आत. काय थंड आहे, बाप्पा! नोन्ना, तुझ्या काजळीच्या डागांखालून गेले मी, हात लावला त्यांना. आणि ऐक, चॅपलच्या खाली गेल्यावर तो बोगदा एक नाहीये! दोन फाटे आहेत! उजवीकडचा ओला आहे, पाणी तिथूनच येतं. डावीकडचा कोरडा, जरा वर चढत गेलेला, आणि त्याचं तोंड कुणीतरी दगड रचून बंद केलंय. दोनाताच्या लोकांना माहीतच नव्हतं! नोन्ना, तुला काही आठवतंय का?"

नोन्ना फोनच्या अगदी जवळ गेली. "डावीकडे जायला पाद्रीबाबांनी बंदी केली होती."

"डावीकडे काही नव्हतंच," कारमिने म्हणाले. "माझे वडील सांगायचे, एकच वाट होती."

"तुझे वडील आत आलेच कुठे होते? ते तर ओढ्यापलीकडे लपले होते!"

"त्यांनी लढाईनंतर बघितलं होतं!"

"नंतर!" यामिनी फोनमधून ओरडली. "नंतर बघितलं ना? आणि नोन्नाने आधी! म्हणजे भिंत मधल्या काळात घातली! भांडा, भांडा, थांबू नका. देवेश, सगळं लिहून घे. मी परत आत चाललेय."

पडदा काळा झाला. मी कागद शोधायला उठलो. माझ्यामागे दोघांचं आता इटालियनमध्ये सुरू झालं होतं, आणि नोन्नाने बोलता बोलताच गॅसवर पास्त्यासाठी मोठं पातेलं चढवलं.